फुकट मोबाइल, फुकट इअरबड: लिंकवर बोट ठेवण्याआधी करायचा हिशेब

"ताई, हा फॉर्म आजच भरून द्या, उद्या बंद होतोय."

दहावीचा निकाल लागून चार-पाच दिवस झाले होते. माझ्या काउंटरसमोर उभे असलेले काका घामाघूम होते, बस चुकली म्हणून फाट्यापासून चालत आले होते. हातातल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचा मेसेज होता: दहावी-बारावी पास विद्यार्थ्यांना सरकारतर्फे मोफत लॅपटॉप. वर पंतप्रधानांचा फोटो, खाली लिंक. मुलीला ८४ टक्के मिळाले होते. नाव, शाळा, आधार क्रमांक सगळं भरून झालं होतं. मेसेज पंधरा जणांना पाठवल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं, तेही त्यांनी रात्रीच केलं होतं. आता ते पान ३५० रुपये 'नोंदणी शुल्क' मागत होतं. काकांना फोनवरून पैसे भरता येत नव्हते, म्हणून ते माझ्याकडे आले आणि म्हणून ते ३५० रुपये वाचले.

तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र मी गेली काही वर्षं चालवते. असा एखादा तरी 'फुकटचा' मेसेज दर आठवड्याला माझ्या काउंटरवर येतो. कधी लॅपटॉप, कधी स्मार्टवॉच, कधी नवा मोबाइल. ज्यांच्या हातात स्मार्टफोन नवा आहे आणि ज्यांनी आईवडिलांना नवा घेऊन दिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. अशा ऑफरांमागे घातलेला वेळ बहुतेक वेळा वाया जातो, आणि नुसता वेळच गेला तर तेवढ्यावर सुटलो असं म्हणायचं. पण फुकट वस्तू खरोखर मिळणाऱ्या काही जागाही आहेत. त्या माहीत नसल्या की माणूस एकतर सगळ्यावर विश्वास ठेवतो किंवा कशावरच ठेवत नाही, आणि दोन्हींत नुकसान होतं.

पहिली पायरी: देणाऱ्याला काय मिळतंय ते शोधा

हजार-दोन हजारांची वस्तू कुणी तुम्हाला देत असेल, तर त्याचे पैसे कुठून तरी येत असणार. लिंक उघडण्याआधी एवढं एकच विचारा: याला माझ्याकडून काय हवंय? उत्तर साधारण पाच-सहा प्रकारचं असतं. तुमचे पैसे (शिपिंग, नोंदणी, टॅक्स या नावाने). तुमचा नंबर आणि पत्ता. तुमच्या ओळखीची माणसं. तुमचा चांगला शेरा, म्हणजे पाच स्टारचा रिव्ह्यू. तुमच्या खात्यातून दरमहा कापली जाणारी रक्कम. किंवा थेट तुमच्या फोनचा ताबा. उत्तर सापडलं नाही तर तिथेच थांबा.

हा धंदा जुना आहे. २००४ च्या सुमारास अमेरिकेत 'फ्री आयपॉड' (आयपॉड म्हणजे गाणी ऐकायचं खिशातलं यंत्र) देणारी एक वेबसाइट फार गाजली होती, आणि तिथे लोकांना आयपॉड खरोखर मिळालेही. अट अशी की आधी तुम्ही एखाद्या कंपनीची चाचणी सेवा घ्यायची आणि मग पाच मित्रांना जोडायचं, त्यांनीही तसंच करायचं. आता हिशेब मांडा. तुम्हाला एक आयपॉड मिळायला पाच जण लागतात. त्या पाचांना मिळायला २५, त्या २५ जणांना मिळायला १२५. आठव्या पायरीला ३,९०,६२५ माणसं लागतात. आमच्या अख्ख्या तालुक्यात तेवढी माणसं नाहीत. वरच्या काहींना वस्तू मिळते, त्यांचे फोटो फिरतात, आणि खालचे हजारो जण अर्धवट फॉर्म भरून बसतात. त्यांची माहिती मात्र पूर्ण गोळा झालेली असते. त्या साइटच्या मालक कंपनीवर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने ग्राहकांची माहिती विकल्याचा आरोप ठेवून खटला भरला. पुढे २००८ मध्ये 'फ्री गिफ्ट'च्या अशाच जाहिरातींवरून व्हॅल्यूक्लिक या कंपनीला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेशी) तडजोड करून २९ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडचे 'पाच मित्र जोडा, इअरबड मिळवा' हे मेसेज त्याच झाडाची फळं आहेत.

दुसरी पायरी: पत्ता उजवीकडून वाचा

नवीन माणसाला शिकवायची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही शिकवीन. लिंकमध्ये ओळखीच्या कंपनीचं नाव दिसलं की आपण निर्धास्त होतो, पण ते नाव कुठे आहे याला महत्त्व आहे. पत्त्यात पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा (सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडून) आणि तिथून डावीकडे वाचत जा. शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे खरा मालक. 'ॲमेझॉन डॉट गिफ्ट-उत्सव डॉट टॉप' या पत्त्याचा मालक 'गिफ्ट-उत्सव डॉट टॉप' आहे. पुढे लावलेलं 'ॲमेझॉन' कुणीही लावू शकतं, जसं कुणीही आपल्या टपरीवर 'ताज' अशी पाटी लावू शकतं. सरकारी संकेतस्थळ बहुधा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन'वर संपतं. काकांच्या लिंकमध्ये 'पीएम', 'योजना', 'लॅपटॉप' हे तिन्ही शब्द होते, शेवट मात्र 'डॉट एक्सवायझेड' होता.

पान उघडलंच असेल तर आणखी दोन गोष्टी करून बघा. काका समोर असताना मी त्या केल्या. पानावर 'फक्त ०४:५९ मिनिटं शिल्लक' असं घड्याळ पळत होतं. ते तीन मिनिटांवर आलं तेव्हा मी पान बंद करून पुन्हा उघडलं. घड्याळ परत ०४:५९. मग खाली 'मला लॅपटॉप मिळाला, धन्यवाद' अशा प्रतिक्रिया होत्या, त्यातल्या एका नावावर बोट दाबलं. काहीच झालं नाही, कारण तो सगळा एक फोटो होता. काका बराच वेळ त्या नावांवर बोट दाबून बघत राहिले. मी तोंडाने सांगितलं असतं तर त्यांना एवढं पटलं नसतं. पानावर 'खोकं उघडा, बक्षीस जिंका' असा खेळ असेल तर तोच दुसऱ्या फोनवर उघडा. पहिलं खोकं रिकामं आणि दुसऱ्यात मोबाइल, हे सगळ्यांना सारखंच निघतं.

खोटी घाई दाखवणं कायद्यालाही मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नेमके सांगून त्यांना मनाई केली. 'खोटी निकड' त्यात आहे, शेवटच्या पानावर हळूच वाढवलेली किंमत आहे आणि बाहेरच पडता येऊ नये अशी वर्गणीही आहे.

तिसरी पायरी: वाढदिवस मोजा

वर्धापनदिनाचे मेसेज ओळखायला बोटांवरचं गणित पुरतं. २०२१ च्या मार्चमध्ये 'ॲमेझॉनचा ३० वा वर्धापनदिन, सर्वांना भेटवस्तू' असा मेसेज देशभर फिरला. ॲमेझॉनची स्थापना १९९४ ची, म्हणजे तेव्हा कंपनीला तीस वर्षं झालेलीच नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'टाटा समूहाची १५० वर्षं, गाडी जिंका' असा मेसेज आला. टाटा समूह १८६८ चा, त्याची दीडशे वर्षं २०१८ मध्येच पूर्ण झाली होती. सरकारच्या नावाने आलेला मेसेज असेल तर केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या 'पीआयबी फॅक्ट चेक' या पानावर शोधा. मोफत लॅपटॉपचे दावे त्यांनी कितीतरी वेळा खोटे ठरवले आहेत, तरी दर निकालानंतर नवा फॉरवर्ड येतोच.

चौथी पायरी: 'फक्त शिपिंग' म्हटलं की हात आखडता घ्या

वस्तू फुकट आणि शिपिंग ९९ रुपये, हा सगळ्यात चालणारा सापळा आहे. रक्कम लहान असल्याने माणूस मागे लागत नाही. शंभर रुपयांसाठी कोण पोलीस चौकीत जाणार? पण तिकडे हजारो जण शंभर-शंभर रुपये भरत असतात. शिवाय पैसे भरताना तुम्ही नाव, पत्ता, नंबर दिलेला असतो आणि 'हा माणूस पैसे भरतो' हेही कळवलेलं असतं. अशी यादी हातात पडली की त्यापुढचे फोन सुरू होतात.

स्वस्ताचं आकर्षण किती जबर असतं ते २०१६ च्या फेब्रुवारीत दिसलं होतं. नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने 'फ्रीडम २५१' हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देऊ केला. गर्दीने वेबसाइट त्याच दिवशी बसली. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं आढळलं. नुसती स्क्रीनसुद्धा त्या भावात येत नाही, हे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला कुठलाही पोरगा सांगू शकला असता. पुढच्या वर्षी एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटकही झाली. मी हे उदाहरण मुद्दाम सांगते, कारण तेव्हा शिकलेसवरलेले लोकही रांगेत होते. फसलेल्या माणसाला अडाणी म्हणायची घाई आपण करू नये.

याउलट अटी कागदावर स्पष्ट लिहिलेली ऑफरही असते. २०१७ मध्ये जिओफोन 'फुकट' म्हणून जाहीर झाला, पण १,५०० रुपये अनामत भरायची आणि ती तीन वर्षांनी फोन परत केल्यावर मिळणार, हे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. ते वाचून परवडतं की नाही हे माणूस ठरवू शकतो. अशा ऑफरला मी फसवणूक म्हणणार नाही.

पैशांच्या बाबतीत तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकायची वेळ आली म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत, किंवा पुढे जाण्याची परवानगी तुम्ही देणार आहात.

ही 'पुढची परवानगी' नीट समजून घ्या. '१ रुपयात चाचणी, सोबत इअरबड फुकट' अशा ऑफरमध्ये तुम्ही पिन टाकता तेव्हा एक रुपया जातो आणि त्याबरोबर ऑटोपे सुरू होतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते पुन्हा पिन न विचारता कापले जाऊ शकतात. कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी असा नियम आहे, पण त्या सूचना बाकीच्या शंभर मेसेजांत वाहून जातात. आत्ताच आपलं यूपीआय ॲप उघडा, सेटिंगमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची जागा शोधा आणि काय काय चालू आहे ते बघा. नको असेल ते तिथूनच रद्द होतं.

घरी आलेलं स्क्रॅच कार्ड

सगळंच मोबाइलवर येत नाही. गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी लिफाफा घेऊन आले. आत जाड चकचकीत कागद, वर एका नामांकित शॉपिंग साइटचं चिन्ह, तीन गोल शिक्के आणि चंदेरी पट्टी खरवडलेलं कार्ड: 'प्रथम बक्षीस, चारचाकी.' गुरुजींनी दोन महिन्यांपूर्वी मागवलेल्या मिक्सरचा उल्लेख पत्रात होता, आणि त्यामुळेच त्यांचा विश्वास बसला होता. नाव, पत्ता, काय मागवलं ही माहिती पार्सलवरच्या चिठ्ठीपासून कुठूनही फुटते. माहिती बरोबर आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही, हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं.

फोनवरचा माणूस म्हणत होता, "सर, गव्हर्न्मेंट टॅक्स आधी भरावा लागतो, रूल आहे." यात अर्धं सत्य आहे, म्हणून फसायला होतं. लॉटरी किंवा स्पर्धेत मोठं बक्षीस लागलं तर त्यावर ३० टक्के आयकर खरोखर असतो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर तो भरल्याची खात्री करूनच वस्तू द्यावी लागते. पण हा कर सरकारच्या खात्यात, तुमच्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावापुढे दिसतो. कुण्या 'अकाउंट मॅनेजर'च्या यूपीआय नंबरवर कधीच जात नाही. गुरुजींना मी म्हटलं, "त्याला सांगा, कर मी सरकारी चलानाने स्वतः भरतो, तुम्ही फक्त कंपनीचा टॅन क्रमांक द्या." टॅन म्हणजे कर कापणाऱ्याला आयकर खात्याने दिलेला क्रमांक. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. टॅन हा शब्द ऐकताच पलीकडचा आवाज चढला आणि फोन कट झाला.

पाचवी पायरी: रिव्ह्यूच्या बदल्यात फुकट वस्तू

इथे जरा जास्त थांबते. या प्रकारात वस्तू खरोखर घरी येते, आणि यात मी स्वतः पडले आहे.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर असे ग्रुप असतात. चालवणाऱ्याला 'मीडिएटर' म्हणतात. तो रोज वस्तूंची यादी टाकतो: इअरबड, ट्रिमर, पॉवर बँक. पद्धत अशी. तुम्ही ती वस्तू शॉपिंग साइटवरून स्वतःच्या पैशाने मागवायची. ऑर्डरचा स्क्रीनशॉट एका फॉर्ममध्ये भरायचा. वस्तू आली की आठवडाभराने पाच स्टार द्यायचे, फोटोसह चार ओळी लिहायच्या. रिव्ह्यू साइटवर दिसू लागला की त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या फॉर्ममध्ये भरायचा. मग परत करण्याची मुदत संपल्यावर तुमचे पैसे यूपीआयने परत येतात. पूर्ण नाही, '१०० लेस', '१५० लेस', म्हणजे तेवढे कापून.

मी १,४९९ रुपयांचे इअरबड मागवले. '१५० लेस' ठरलं होतं. १,३४९ रुपये परत आले ते ४१ व्या दिवशी, आणि त्यासाठी मला मीडिएटरला एकोणीस मेसेज करावे लागले. तोपर्यंत दीड हजार रुपये कुठल्याही कागदाशिवाय एका अनोळखी माणसाच्या भरवशावर अडकलेले होते. तो ग्रुप बंद करून गेला असता तर मी शॉपिंग साइटकडे काय तक्रार करणार होते? त्यांच्या लेखी मी वस्तू मागवली, ती पोहोचली आणि मी पाच स्टार दिले. दुसऱ्या महिन्यात डाव्या कानाचा इअरबड बंद पडला. मला त्या १५० रुपयांपेक्षा माझ्या चार ओळी मनाला जास्त लागल्या. 'आवाज उत्तम, बॅटरी दमदार' असं मी लिहिलं होतं, आणि ते वाचून कुणीतरी स्वतःच्या कमाईतून तीच वस्तू घेत असणार. मी तो रिव्ह्यू काढून टाकला आणि ग्रुप सोडला.

पैसे घेऊन किंवा वस्तू घेऊन, ते न सांगता लिहिलेला रिव्ह्यू हा मोठ्या शॉपिंग साइटच्या नियमांत बसत नाही. सापडलात तर तुमचा रिव्ह्यू लिहिण्याचा हक्क जाऊ शकतो. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं ते याच खोट्या शेऱ्यांमुळे.

आणखी एक धोका तिथेच शेजारी उभा असतो. अशा ग्रुपांतूनच 'टास्क'चं आमंत्रण येतं. हॉटेलला स्टार द्या, १५० रुपये घ्या. पहिले दोन-तीनदा पैसे येतात. मग 'प्रीपेड टास्क', म्हणजे आधी हजार भरा, तेराशे घ्या. मग पाच हजार, मग पन्नास हजार, आणि तिथून एक पैसा परत येत नाही. पैसे आधी भरायला सांगितले की त्या क्षणी ग्रुप सोडा, आधीचे अडकलेले सोडवायच्या नादाला लागू नका.

प्रामाणिक मार्गाने वस्तू वापरून मत देण्याची सोयही आहे. ॲमेझॉनचा 'वाइन' कार्यक्रम तसा आहे. पण त्यात अर्ज करता येत नाही, आधी लिहिलेल्या उपयोगी रिव्ह्यूंवरून कंपनीच बोलावते, आणि वस्तू फुकट मिळाली हे रिव्ह्यूवर दिसतं. 'पैसे द्या, वाइनमध्ये घेतो' म्हणणारा माणूस खोटा. तुम्ही व्हिडिओ करत असाल आणि कंपन्या तुम्हाला वस्तू पाठवत असतील तर कराचा नियमही बघा. १ जुलै २०२२ पासून अशा वस्तूंची वर्षाची किंमत २०,००० रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा असतो. वस्तू वापरून परत केली तर ती यात धरत नाहीत.

सहावी पायरी: तरीही करून बघायचंच असेल तर

तरुण पोरं माझं ऐकून थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. मग निदान एवढं करा. ऑफरांसाठी वेगळा ईमेल काढा, जो बँकेला, आधारला, कॉलेजला दिलेला नाही. यूपीआयला जोडलेला नंबर देऊ नका. आधार, पॅन, जन्मतारीख, कार्डमागचे तीन आकडे, ओटीपी यांतलं काही मागितलं तर पान बंद. संपर्क यादीची परवानगी मागितली तरी बंद, कारण तिथून तुमच्या मावशीला आणि शेजारच्या काकूंना तुमच्याच नावाने मेसेज जातात.

सगळ्यात मोठी लक्ष्मणरेषा: व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल, म्हणजे फोनवर परस्पर ॲप बसवणारी फाइल, कधीही उघडू नका. बक्षिसाचं ॲप म्हणा, लग्नपत्रिका म्हणा, वाहनाचं चलान म्हणा, नाव काहीही असू शकतं. ती टाकताना फोन 'अज्ञात ॲप'बद्दल इशारा देतो, तो दुर्लक्षून पुढे गेलात की ॲप मेसेज वाचायची परवानगी घेतं. मग तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात आणि तुम्हाला कळतं ते खातं रिकामं झाल्यावर.

आणि वेळ लिहून ठेवा, खरोखर वहीत. एका मुलीने माझ्या सांगण्यावरून लिहिला. सर्व्हे भरून स्मार्टवॉच मिळवायचं होतं. सहा संध्याकाळी मिळून अकरा तास, गुण जमले ३४०, घड्याळाला हवे होते ५,०००. ते घड्याळ बाजारात १,२०० रुपयांना मिळत होतं. पुढचं गणित तिनेच केलं आणि सुट्टीत ती किराणा दुकानाच्या हिशेबाच्या कामाला लागली.

खरंच मिळतं ते कुठे

परत काकांकडे येते. फॉर्म खोटा होता, पण मुलीला अभ्यासासाठी काहीतरी हवं होतं ही गरज खरी होती. तिला अकरावी विज्ञानला प्रवेश घेऊन डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करायची होती. मी विचारलं, "काका, ओबीसी का?" ते हो म्हणाले. मग मी त्यांना महाज्योतीबद्दल सांगितलं: महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, नागपूर. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन-क्रिमीलेअर गटातल्या मुलांना ही संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते आणि त्यासाठी टॅब देते. गुणांची अट असते, जागा ठरलेल्या असतात, अर्जाची मुदत जाहिरातीत असते. मी भरलेल्या एकाही अर्जाला संस्थेने पैसे मागितलेले नाहीत. कागद मात्र लागतात: दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी दाखला, अकरावी विज्ञान प्रवेशाचं बोनाफाइड. पत्ता 'महाज्योती डॉट ओआरजी डॉट इन' असा आहे, म्हणजे 'गव्ह' नसलेला. म्हणून तिथे जाताना फॉरवर्ड झालेली लिंक वापरू नका, पत्ता स्वतः टाइप करा किंवा कॉलेजमध्ये विचारून घ्या.

दुसऱ्या राज्यांतही खऱ्या योजना झाल्या. तामिळनाडूने २०११ पासून सरकारी शाळा-कॉलेजांतल्या मुलांना लॅपटॉप दिले, उत्तर प्रदेशाने टॅब आणि स्मार्टफोन दिले. पण ते सगळं कॉलेजातल्या यादीवरून, हजेरीपटावरून झालं. तुम्ही लिंक पंधरा जणांना पाठवली की नाही यावर कुठल्याही सरकारने लॅपटॉप दिलेला नाही.

काकांच्या मुलीने आधार क्रमांक त्या पानावर भरला होता, म्हणून आम्ही लगेच एमआधार ॲपवरून तिचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) लॉक केलं. ज्या पंधरा जणांना मेसेज गेला होता त्यांना काकांनी माझ्या खुर्चीवर बसून एकेकाला फोन केला. त्यातल्या दोघांनी पैसे भरले होते.

पैसे गेलेच तर

लाजू नका आणि सकाळची वाट बघू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते तिथेच गोठवता येतात. मग बँकेला कळवा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. फसवणुकीचे नुसते फोन किंवा मेसेज येत असतील, पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे. तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हेही तिथेच दिसतं. वस्तू वेगळीच आली, परतावा मिळाला नाही अशी ग्राहकाची तक्रार असेल तर १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

चॅट, लिंक, समोरच्याचा नंबर काहीही पुसू नका, रागाच्या भरात ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. १९३० वर आधी विचारतात ती वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, बारा आकडी. गडबडीत तो सापडत नाही. काकांच्या ओळखीतल्या त्या दोघांपैकी एकाला तो शोधायला वीस मिनिटं लागली. तुमच्या यूपीआय ॲपमधला कुठलाही जुना व्यवहार, अगदी दुधाचे पैसेसुद्धा, आता उघडा आणि हा क्रमांक कुठे दिसतो ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.